भाऊंची फुकट एकविरा यात्रा: बस मस्त, बाकी अडीच स्टार

आमच्या वॉर्डातल्या एका इच्छुक भाऊंनी बायकांसाठी कार्ल्याची यात्रा काढली होती, पूर्ण फुकट, फक्त वोटर कार्डाची झेरॉक्स द्यायची. तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती म्हणा.

बस एसी, सीट मऊ, उपमा गरम, एक्सप्रेसवेला एकदाही उलटी नाही झाली मला, म्हणजे ड्रायव्हरला पाच स्टार. साडेपाचला नाक्यावर बोलावून सात वाजता सुटली ते सोडा. पाण्याच्या बाटलीवर भाऊ, पिशवीवर भाऊ, कपाळाला टिळा लावलेले. मी बसमधल्या भाऊंच्या कार्यकर्त्या पोराला म्हटलं आमच्या गल्लीतलं गटार दोन महिने तुंबलंय, तर तो म्हणतो, "ताई आज देवीचं काम आहे, गटाराचं सोमवारी बघू."

शेजारच्या काकूंचं म्हणणं, देवाला घाबरणारा माणूस पैसे तरी खाणार नाही. मलाही पटत होतं खरं सांगायचं तर, वर पोचेपर्यंत. आमच्या सत्तरीच्या बायका गुडघे धरत पायऱ्या चढून दोन तास लाइनीत आणि भाऊ आले आपल्या गाडीतून, बाजूच्या दाराने आत, आरतीचा व्हिडिओ काढला आणि वीस मिनिटांत गायब. काकू काहीच बोलल्या नाहीत मग, चप्पल शोधत होत्या.

घरी हे सांगितलं तर सासरे सुरूच झाले, म्हणे आमच्या गिरगावातून 1967 ला कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडून निवडून आले, पाद्री व्हायला गेलेला आणि अर्ध्यातून परत आलेला माणूस, त्याने टॅक्सीवाल्यांसाठी काय केलं ते आम्ही बघितलं, चर्चला जातो का कोण विचारतंय. मिस्टर म्हणाले तेव्हाचे दिवस वेगळे. वेगळे कसले, धर्माच्या नावावर मत मागायचं नाही हे निवडणुकीच्या 1951 च्या कायद्यातच आहे, आणि आपल्या सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीवरून गेलेल्या केसमध्ये 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उमेदवाराचा सोडा, मतदाराचा धर्मही मधे आणायचा नाही. तेही सात जजमध्ये 4 विरुद्ध 3, म्हणजे त्यांचंही एकमत नाही. पण भाऊ हुशार हो, मत मागितलंच नाही, फक्त आरती केली!

माझं म्हणाल तर भाऊंनी रोज पूजा करावी, नमाज पढावा, नाहीतर काहीच करू नये, मला घेणंदेणं नाही. पण टिळाच बायोडेटा म्हणून दाखवणार असाल तर मग मी लाइन कोणी मोडली ते पण बघणार. उमेदवारीचं अ‍ॅफिडेव्हिट भरतात ना, त्यात पोलीस केसेस, प्रॉपर्टी, कर्ज, शिक्षण सगळं असतं, उपास किती करता हा रकाना नाही. ते ऑनलाइन मिळतं, यंदा वाचणार आहे.

देवीचं दर्शन छान झालं, त्याचे स्टार भाऊंना नाही. पिशवी मात्र दणकट आहे, भाजीला नेते, उलटी करून.