लेबल ८.४ व्होल्टचं, सर्वो ६ व्होल्टचा

रिमोटच्या गाडीसाठी तीन सर्वो (चाकं वळवणारी मोटर-गिअरची छोटी पेटी) एकदम मागवले होते. लेबलवर ठळक अक्षरांत 'हाय व्होल्टेज, ८.४ व्होल्ट, मेटल गिअर'. म्हणजे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या वेगळ्या सर्किटची, बीईसीची, भानगड नको, दोन सेलच्या लायपो बॅटरीवर थेट चालणार (पूर्ण चार्ज झालेला दोन सेलचा पॅक बरोबर ८.४ देतो). पहिला गाडीच्या स्टिअरिंगला लावला. दुसऱ्याच दिवशी जळका वास.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर तयारच होतं: "लिंकेज अडकत असणार, एंड पॉइंट सेट केले नसतील. वॉरंटीत बसत नाही." (लिंकेज म्हणजे सर्वोपासून चाकांपर्यंतचे दांडे-सांधे, एंड पॉइंट म्हणजे ट्रान्समीटरवर ठरवलेली वळण्याची हद्द.) आणि मला ते पटलं! कारण सर्वो बहुतेक वेळा असेच मरतात. चाक टोकाला टेकलं तरी ट्रान्समीटर 'अजून वळ' म्हणत राहतो, सर्वो रेटत राहतो आणि आतली मोटर जागच्या जागी अडकते. फिरणारी मोटर उलटा व्होल्टेज तयार करून करंटला स्वतःच आवर घालते. अडकलेलीला तो लगाम नसतो. नऊ ग्रॅमचा चिमुकला सर्वोसुद्धा अशा वेळी अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो, मोठे तर दोन-अडीच, आणि वाइंडिंग भाजून निघतं.

म्हणून दुसरा लावताना काही म्हणजे काही सोडलं नाही. पुशरॉड (सर्वोला चाकांशी जोडणारा दांडा) काढून चाकं हाताने वळवून पाहिली, हॉर्न (सर्वोवरचा फिरणारा हात) १.५ मिलिसेकंदाच्या सिग्नलला, म्हणजे मध्यावर, बसवला, एंड पॉइंट चाक टेकायच्या जरा अलीकडे आणले, चाकांचे धक्के सोसणाऱ्या सर्वो सेव्हरची स्प्रिंग ढिली केली. टोकाला नेला तरी गुणगुण नाही. पंधरा मिनिटांत तोही गेला.

तिसरा गाडीला लावलाच नाही. टेबलावर ठेवला, हॉर्नसुद्धा नाही, थेट लायपो. मध्यावर थरथरत बसला आणि थोड्याच वेळात केसला बोट टेकवेना. तोच सर्वो ६ व्होल्टच्या बीईसीवर गारेगार. तेव्हा शंका आली. लेबलचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं लेबल: '४.८–६.०'. तळाचे चार स्क्रू काढले. बाहेरून दिसणारं शेवटचं गिअर तेवढं पितळी, आतली सगळी नायलॉनची.

(चुंबक लावून बघा म्हणणारे भेटतील. पितळेला आणि अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. वजनकाटा बरा: नायलॉनची गिअर असलेला सर्वो लिहिलेल्या वजनापेक्षा हलका भरतो.)

ही टेबलावरची परीक्षा पहिल्याच सर्वोची घ्यायला हवी होती, मोबाइलवर शूटिंग करत. एकदा का हॉर्नला पुशरॉड जोडला की दोष तुमच्याच लिंकेजचा ठरतो, आणि ते खोडायला हातात काही उरत नाही. लेबलखालच्या लेबलाचा व्हिडिओ पाठवल्यावर तिसऱ्याचे पैसे निमूट परत आले. पहिल्या दोघांबद्दल विचारलं, तर उत्तर पुन्हा तेच: लिंकेज.