कोका की स्वतःचा कॉर्पस?

रावेरचा माझा भाचा केळीच्या करपा रोगावर पीएचडी करतोय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, पेपरचं इंग्रजी सुधारायला कोका वापरू, की अँटकॉन्कमध्ये स्वतःचा कॉर्पस करू?" कॉर्पस म्हणजे शब्द कसे वापरले जातात ते शोधून पाहता येईल असा खऱ्या मजकुराचा साठा. अँटकॉन्क हे आपण जमवलेल्या मजकुरात असा शोध घ्यायचं सॉफ्टवेअर.

खर्चाचा प्रश्न नाही. कोका म्हणजे १९९० ते २०१९ मधल्या अमेरिकन इंग्रजीचा १०० कोटी शब्दांचा साठा. मोफत खात्यावर रोजच्या शोधांना मर्यादा असते. अँटकॉन्क पूर्ण मोफत, नेट नसतानाही चालतं.

मेहनत मात्र अँटकॉन्कला जास्त. विषयातले तीस-चाळीस चांगले पेपर जमवा, टेक्स्ट फाइली करा, संदर्भसूच्या काढून टाका. दोन संध्याकाळी सहज जातात.

खरा फरक उत्तरांत आहे. भाच्याने 'डिस्कस अबाउट' लिहिलं होतं. कोकाच्या शैक्षणिक विभागात 'डिस्कस'पुढे थेट विषयच येतो. 'अबाउट' आपल्या 'बद्दल चर्चा'तून घुसतं. हे तिथे दोन मिनिटांत कळलं. पण 'इन्सिडन्स' आणि 'सिव्हिअरिटी' हे शब्द तो एकाच अर्थाने वापरत होता. पहिला किती झाडं रोगट ते सांगतो, दुसरा पानाचा किती भाग करपला ते. स्वतःच्या कॉर्पसमध्ये शब्द मधोमध ठेवून ओळी एकाखाली एक वाचल्या, तेव्हा त्याला ते लख्ख दिसलं. परीक्षक नेमकं इथेच अडवतात!

अव्ययं, शब्दजोड्या अडत असतील आणि मुदत तोंडावर असेल, तर कोका. प्रबंध अजून वर्षभर चालणार असेल, तर स्वतःचा कॉर्पस. भाच्याला मी स्वतःचा कॉर्पसच करायला लावलंय.