डिबेट करणाऱ्या मुलांसाठी करिअर काउन्सेलिंग, नौपाडा (ठाणे)

लेक अकरावीत आहे, आर्ट्सला. सातवीपासून वक्तृत्व, वादविवाद सगळं चालू, त्यामुळे घरी जो येतो तो म्हणतो हिला वकील करा. आधी एका ठिकाणी बोटांचे ठसे घेऊन सहा हजारात हेच सांगितलं होतं, म्हणून इथे जाताना जरा धाकधूकच होती.

पण या मॅडमनी आधी लेकीची स्पर्धेची वही मागितली. मधे रेघ, एकीकडे समोरच्या टीमचे मुद्दे निळ्या पेनाने आणि दुसरीकडे हिचं खंडन लाल पेनाने, सगळं इतकं तुटक की मला वाचताही येत नाही. त्या एकेक पान बघत विचारत होत्या, हा मुद्दा का सोडलास, उत्तर नव्हतं की वेळ संपला? इतक्या वर्षांत असं कोणीच विचारलं नव्हतं हो, सगळे ढाली बघतात.

मग म्हणाल्या, हिला ऐकता ऐकता मांडणी करता येते आणि ते फक्त कोर्टात लागतं असं नाही. पत्रकारिता, पॉलिसी रिसर्च, मध्यस्थी (त्याचा २०२३ ला वेगळा कायदाच आलाय), प्रत्येकात रोजचं काम काय असतं ते सांगितलं. यूपीएससीला इंटरव्ह्यू २७५ मार्कांचा आणि लेखी १७५०, तेव्हा लिहायची सवय आत्तापासून लाव. क्लॅटला (लॉच्या प्रवेश परीक्षेला) दोन तासात १२० प्रश्न, चुकलं की पाव मार्क जातो, बोलण्याला एकही मार्क नाही. लेकीचा चेहराच पडला, पण आत्ताच कळलं ते बरं झालं.

लगेच क्लास लावा असं अजिबात म्हणाल्या नाहीत. सुट्टीत कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात दोन दिवस नुसती बसून ये म्हणाल्या, म्हणून आम्ही दोघी गेलो. तारखांवर तारखा पडत होत्या, एक वकीलबाई जेमतेम चार मिनिटं बोलल्या आणि त्याआधी तासभर बाकावर कागदच चाळत होत्या. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, आई, ते कागद वाचायला मला आवडेल. लॉ करायचं हे आता ती स्वतः म्हणतेय.

तक्रार एवढीच की दिलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा आत घेतलं आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत, आजोबांना मलाच मराठीत समजवावा लागला. दोन सेशनचे अडीच हजार. गाडी नेऊ नका, गोखले रोडला पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत जा. आणि सर्टिफिकेटची फाईल राहिली तरी चालेल, मुलांची वही मात्र न्याच.