माकडहाडाची गादी: टॅक्सीला उपयोगी, ट्रकला नाही

मागच्या बाजूला यू आकाराचा काप असलेली मेमरी फोमची गादी हल्ली मोटार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत सर्रास टांगलेली दिसते. कंबर, मान, गुडघे, सगळ्यांवर इलाज म्हणून ती विकली जाते, ते चूक आहे. तिचं काम एकच: माकडहाडावरचा भार काढून तो बैठकीच्या हाडांवर आणि मांड्यांवर पसरवणं. ते मात्र चांगली गादी चोख करते. दिवसाला दहा-बारा तास टॅक्सी चालवणाऱ्याच्या सीटचा फोम बसून खड्डा पडला असेल, तर फरक लगेच कळतो.

घेताना आधी जाडी बघा. फार जाड गादीने डोकं छताला टेकायला येतं, मांड्या स्टिअरिंगला घासतात आणि क्लच पूर्ण दाबायला डावा पाय ताणावा लागतो. मग खुबा आखडतो. लहान गाडीत बसल्यावर दबून तीन-चार सेंटिमीटर उरली तरी पुष्कळ. दुकानात फरशीवर ठेवून तिच्यावर पाच मिनिटं बसा. खालची फरशी हाडांना लागली तर परत करा. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो. एसी दुकानात मऊ-मऊ वाटलेली गादी मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पार बसते, म्हणून थोडी टणकच घ्या.

काप मागेच हवा. उलटी घातली तर माकडहाड थेट फोमवर येतं आणि पैसे वाया जातात. पाकीट मागच्या खिशातून काढा. त्याने कंबर एका बाजूला कलते आणि कुल्ल्यातली नस दबते. गादी टाकली की सीट नव्याने लावावी लागते, हे बहुतेक जण करत नाहीत. कंबर मागे टेकवून बसा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीटची पाठ जरा मागे, बैठकीशी शंभर ते एकशेदहा अंशांवर. खांदे सीटच्या पाठीवरून न सुटता मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे. मग तिन्ही आरसे. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर न येता खुब्याच्या हाडांवर बसतो ना, तेही बघा. बुडाला रबरी ठिपके नसलेली गादी जोरात ब्रेक मारल्यावर पुढे सरकते आणि अंग बेल्टखालून घसरतं. ती घेऊच नका.

ट्रकवाल्यांनी मात्र यावर पैसे घालू नयेत. मणक्याला सगळ्यात जास्त जाच होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या वर-खाली कंपनांचा, आणि मऊ फोम ती कमी करत नाही, उलट कधी वाढवतो. तिथे एअर सस्पेन्शनची, म्हणजे खालच्या हवेच्या फुग्यावर हादरे झेलणारी सीटच हवी. तीही चालकाच्या वजनाप्रमाणे लावलेली: हवा कमी असली तर खड्ड्यात सीट खाली आपटते, जास्त असली तर प्रत्येक हादरा जसाच्या तसा वर येतो. दोन पाळ्यांत दोन चालक असतील तर प्रत्येकाने बसताना ती पुन्हा लावायची.

लाकडी मण्यांच्या कव्हरने पाठीला वारा लागतो, घाम कमी येतो. दाब कमी होत नाही.

कुठलीही गादी घेतली तरी दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. उतरल्या-उतरल्या लगेच वाकून जड सामान उचलू नका. पायात जोर कमी झाला, जांघेत-बैठकीत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर गाडी तिथेच उभी करून दुसऱ्या कुणासोबत त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.