गावाचा इतिहास टाईप करताय? जुना डीटीपी फॉन्ट की युनिकोड

गावाचा इतिहास, आजीच्या ओव्या, घराण्याची वंशावळ असलं काही टाईप करायला घेतलंय आणि ते नातवंडांनाही वाचता यावं असं वाटतंय, तर जुना डीटीपी फॉन्ट (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवताना वापरतात तो) घ्यायचा की युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर देणारी पद्धत), हे आधी ठरवा. मी दोन्हींत काम केलंय.

दिसायला जुने फॉन्ट खरंच देखणे. ल आणि श अस्सल मराठी वळणाचे, मथळे ठसठशीत, शिवाय छापखान्यातल्या बऱ्याच जणांचा हात त्याच कीबोर्डवर बसलाय, आणि पानं जुळवायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरी धड चालतच नाही. लग्नपत्रिका, फ्लेक्स, म्हणजे एकदा छापून संपणारं काम असेल तर मी आजही नको म्हणणार नाही.

पण मला नडलं ते वेगळंच. आमच्या यात्रेच्या स्मरणिकेची जुनी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तिथे तो फॉन्ट नव्हता, आणि पानभर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. या फॉन्टमध्ये फाईलच्या आत मराठी नसतंच हो, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे एखाद्या पणजोबांचं नाव सर्च केलं तरी सापडत नाही. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं तर ऱ्हस्व वेलांटी नि रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं तुटलेली. बाकीचा मजकूर अंदाजाने लावता येतो, पण शेतांची, ओढ्यांची, जुन्या वाड्यांची नावं? ती ज्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितली ती आता नाहीत, कुणाला विचारून दुरुस्त करायची?

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. क चा नंबर ०९१५, मग फोन कुठलाही असो, फॉन्ट कुठलाही असो, आणि एकदा दिलेला नंबर बदलायचा नाही हा तिथला नियमच आहे. काही फॉन्टमध्ये ल, श हिंदी वळणाचे येतात, ते मलाही खटकतं, पण फॉन्ट कधीही बदलता येतो, मजकूर तोच राहतो. ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता, बालू हे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात, चांगले आहेत. प्रत्येकाची गरज वेगळी हे मान्य, तरी जपून ठेवायच्या कामाला मी युनिकोडच घेईन.

फक्त पीडीएफवर थांबू नका, त्यातून कॉपी केलेलं मराठी कधीकधी विस्कटतं. मूळ फाईल दोघातिघांकडे देऊन ठेवा. छापखानेवाला जुन्या फॉन्टसाठी अडून बसलाच तर त्याच्यापुरतं कन्व्हर्ट करून द्या आणि प्रूफ स्वतः तपासा, नावं तर एकेक करून.