चीजकेक फ्रीजरमध्ये: अख्खा ठेवावा की कापून, आणि डीफ्रॉस्ट कुठे करावा?

चीजकेक थोडासा करता येत नाही. २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये केला तरी आठ-दहा तुकडे निघतात, आणि तो इतका भरगच्च असतो की एका बैठकीत एका तुकड्यापुढे फारसं कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला की उरलेला अर्धा केक समोर दिसतो आणि प्रश्न पडतो: हा गोठवला तर बिघडेल का?

चार-पाच दिवसांत संपणार असेल तर गोठवूच नका. ४ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली, नीट झाकून ठेवलेला भाजलेला चीजकेक तेवढे दिवस उत्तम राहतो. पहिल्या रात्रीनंतर तर त्याची चव जास्त जुळून येते. त्याहून जास्त दिवस ठेवायचा असेल, किंवा कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी करून मोकळं व्हायचं असेल, तर मात्र फ्रीजर. मग ठरवायच्या गोष्टी तीन: केक कोणत्या प्रकारचा आहे, तो अख्खा ठेवायचा की कापून, आणि डीफ्रॉस्ट कुठे करायचा. तिसऱ्या गोष्टीचा विचार सगळ्यात कमी होतो आणि माझ्या अनुभवात केक बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

भाजलेला की न भाजता सेट केलेला

क्रीम चीजचं पाकीट कधी नुसतंच फ्रीजरमध्ये ठेवून पाहिलं असेल तर तुमची धास्ती रास्त आहे. बाहेर काढल्यावर ते रवाळ होतं आणि कडेनं पाणी सुटतं. गोठताना बर्फाचे स्फटिक चीजची घट्ट घडण मोडतात, आणि बर्फ वितळला तरी ते पाणी पुन्हा चीजमध्ये मुरत नाही.

तेच चीज भाजलेल्या चीजकेकमध्ये मात्र निराळं वागतं. पाण्यात साखर विरघळलेली असल्यामुळे गोठणबिंदू खाली उतरतो, आणि त्यातलं काही पाणी फ्रीजरच्या थंडीतही पूर्ण गोठत नाही. भाजताना अंड्यातली प्रथिनं जाळं विणतात, त्यात पाणी धरलं जातं. म्हणून अंडी घालून भाजलेला चीजकेक हा गोठवायला सगळ्यात भरवशाचा. नीट गुंडाळला तर महिनाभर त्यात फरक ओळखणं कठीण, दोन महिन्यांपर्यंतही चांगला. त्यापुढे तो घातक होत नाही, पण चव उतरते.

न भाजलेल्या केकचं उत्तर तो कशानं सेट केलाय यावर अवलंबून आहे. जिलेटिन असेल तर गोठवा. डीफ्रॉस्ट झाल्यावर थोडा सैल वाटेल, कडेला दोन-चार थेंब पाणी दिसेल, एवढंच. अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास, वापरलं असेल तर माझं स्पष्ट उत्तर नाही असं आहे. अगर तयार करायची जुनी जपानी पद्धत पाहिली की कारण लगेच कळतं. समुद्री शेवाळ उकळून केलेली जेली थंडीच्या रात्री बाहेर गोठू देतात आणि दिवसा वितळू देतात. दर वेळी पाणी निथळतं आणि शेवटी कोरडं अगर हाती येतं. तुमच्या फ्रीजरमध्येही हेच होणार: पाणी ताटलीत आणि वर स्पंजासारखा थर. हा केक ताजाच संपवा.

बिनअंड्याच्या भाजलेल्या केकमध्ये बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं. चमचा-दोन चमचे असेल तर चालतं. जास्त असेल तर गोठल्यावर स्टार्च आकसतो आणि पाणी बाहेर टाकतो. फक्त फेटलेल्या क्रीमवर उभा असलेला केक गोठतो छान, पण पूर्ण मऊ झाला की खचतो. तो अर्धवट गोठलेलाच वाढावा.

अख्खा की तुकडे

यात मी तुकड्यांच्या बाजूची आहे, आणि कारण फक्त सोय हे नाही. बर्फाचे स्फटिक किती मोठे होतात हे गोठायला किती वेळ लागतो त्यावर ठरतं. पटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात आणि जिभेला कळत नाहीत. सावकाश गोठलं तर ते वाढत जातात आणि केक रवाळ लागतो. घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, एक तुकडा दोन-तीन तासांत टणक होतो. अख्ख्या केकच्या मधल्या भागाला जवळपास सगळी रात्र लागते. म्हणजे ज्या मधल्या भागाच्या मुलायमपणासाठी आपण एवढा खटाटोप केला, तोच सगळ्यात हळू गोठतो.

दुसरं म्हणजे, अख्खा केक एकदा डीफ्रॉस्ट केला की तो सगळा तीन दिवसांच्या आत संपवावा लागतो. तुकडे असतील तर हवे तेवढे काढता येतात.

तुकड्यांच्या विरुद्ध एकच मुद्दा आहे, पण तो वजनदार आहे. प्रत्येक कापामुळे दोन नव्या बाजू उघड्या पडतात. तिथून ओलावा उडतो, बर्फ थेट वाफ होऊन जातो आणि कडा फिकट, कोरड्या पडतात. शिवाय चीजमधली चरबी वास ओढून घेते. शेजारी कापलेला कांदा किंवा मासळी असेल तर आठवड्याभरात केकला कळतं. त्यामुळे तुकडे गोठवायचे असतील तर गुंडाळण्यात आळस चालणार नाही.

अख्खा केक ठेवावा तो एकाच परिस्थितीत: ठरलेल्या दिवशी तो अख्खाच मांडायचा आहे. तेव्हा टिनच्या तळाशी आधीच बटर पेपर लावा, म्हणजे गोठलेला केक अलगद सुटेल आणि टिनही मोकळं होईल.

दोन्हींत पहिली पायरी सारखीच. भाजलेला केक पूर्ण निवू द्या, मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. कोमट केक फ्रीजरमध्ये गेला तर त्याचीच वाफ त्याच्यावर बर्फ होऊन बसते. तुकडे करताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून चालवा, दर कापाला पुन्हा. मग ताटात सुटे मांडून, न झाकता तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. पृष्ठभाग घट्ट झाला की क्लिंग फिल्म चिकटत नाही. फिल्मचे दोन थर, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि हे सगळं हवाबंद डब्यात. डब्यावर तारीख लिहा. फ्रीजरच्या दारात ठेवू नका, तिथे थंडी सतत कमी-जास्त होते.

फळं, फळांचा सॉस, फेटलेलं क्रीम: हे सगळं वाढायच्या वेळी. गोठलेली ताजी फळं नंतर पाणी सोडतात आणि त्यांचा रंग केकमध्ये उतरतो.

फ्रीज, ओटा की मायक्रोवेव्ह

फ्रीजमध्ये एका तुकड्याला तीन-चार तास लागतात, अख्ख्या केकला निदान रात्रभर, उंच असेल तर पूर्ण दिवस. ओट्यावर तुकडा पाऊण-एक तासात मऊ होतो. वेळेचा हा फरक बघून ओट्याचा मोह होतो, आणि एका तुकड्यासाठी तो ठीकही आहे. अख्ख्या केकसाठी मात्र नाही. बाहेरची कड खोलीच्या तापमानाला येते तेव्हा मधोमध अजून बर्फाचा गोळा असतो. मधला भाग सुटेपर्यंत कड ढिली पडते आणि तळाची बिस्किटं भिजतात.

सुरक्षिततेचंही आहे. फ्रीजरमध्ये जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. अंडी आणि दुधाचा पदार्थ बाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. अख्खा केक या वेळात सुटतच नाही.

मायक्रोवेव्हचं डीफ्रॉस्ट बटण मी कोणालाही सुचवणार नाही. बर्फापेक्षा द्रव पाणी मायक्रोवेव्ह कितीतरी जास्त शोषतं. जिथे थोडं वितळतं तिथेच सगळी उष्णता जाते, आणि एका कोपऱ्यात चीज फाटून तेल सोडतं तेव्हा दुसरा कोपरा दगडासारखा असतो.

फ्रीजमध्ये ठेवतानाही एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानंच पडतो. क्लिंग फिल्म केक टणक असतानाच काढायची. मऊ झाल्यावर काढली तर वरचा गुळगुळीत थर तिच्याबरोबर सोलून येतो. पण केक उघडाही ठेवायचा नाही, कारण थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ थेंबांच्या रूपानं बसते. फिल्म काढलेला केक लगेच ऐसपैस, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि केक पूर्ण सुटेपर्यंत डबा उघडू नका. बाहेरच्या हवेतला ओलावा मग झाकणावर जमतो, केकवर नाही. खाली दुमडलेला किचन पेपर घातला तर तळाची ओलही थोडी टिपली जाते. तरीही बिस्किटांचा मूळ कुरकुरीतपणा पूर्ण परत येत नाही, हे धरूनच चला.

फ्रीजमध्ये डीफ्रॉस्ट झालेला केक पुन्हा गोठवला तर धोका नाही, पण दुसऱ्या खेपेला तो नक्की रवाळ होतो. ओट्यावर तासन्‌तास राहिलेला केक मात्र फ्रीजरमध्येही परत नको आणि पोटातही नको.

आणि तुकडे गोठवलेले असतील तर आणखी एक वाट मोकळी राहते, जी मला आता पूर्ण डीफ्रॉस्ट केलेल्या केकपेक्षाही आवडते: फ्रीजरमधून काढून फक्त वीस मिनिटं थांबायचं. कडा मऊ, आत आइस्क्रीमसारखा घट्ट गर, आणि तळाचं बिस्किट अजून ओल धरण्याआधीचं.