साखरपुडा झाला, लग्न नाही: ‘राहू द्या’ म्हणण्याआधी

सोयरीक मोडून पैसे बुडवण्याची एक ठरलेली चाल आहे. साखरपुडा थाटात होतो, खर्च बहुधा मुलीकडचा. लग्नाची तारीख मात्र काही केल्या ठरत नाही. कधी मुहूर्त नसतो, कधी आजी आजारी, कधी रजा मिळत नाही. मग फ्लॅटच्या बुकिंगला ‘थोडे कमी पडतायत’ असा फोन येतो. ‘राहायचं शेवटी त्या दोघांनाच ना!’ पैसे जातात, तेही मुलाच्या नाही, त्याच्या मामाच्या किंवा भावाच्या खात्यात. त्यानंतर कुरबुरी सुरू होतात: मानपानात कमी पडलं, मुलगी उलट बोलते. शेवटी मुलीचे वडील वैतागून म्हणतात, ‘मग राहू द्या हे लग्न.’ समोरच्याला नेमकं हेच ऐकायचं असतं.

आपल्याकडे लग्नाचं वचन 1872 च्या करार कायद्याखाली येतं. कोर्ट कुणाला बोहल्यावर उभं करू शकत नाही, पण वचन मोडणाऱ्याकडून कलम 73 खाली नुकसानभरपाई मागता येते. त्यामुळे पहिला प्रश्न येतो तो ‘मोडलं कोणी?’ तुमच्या तोंडून नकार वदवून घेतला की तेच उलटे तुमच्याकडे भरपाई मागायला मोकळे.

म्हणून चालढकल दिसली की रागाने फोन करू नये, मेसेज करावा: ‘साखरपुडा अमुक तारखेला झाला. लग्नाची तारीख 15 दिवसांत कळवावी.’ उत्तर टाळलं तर आठवण, मग वकिलाची नोटीस. फोनवर नकार दिला असेल तर त्याच दिवशी लिहून पाठवावं: ‘आज सायंकाळी आपण हे लग्न करायचं नाही असं कळवलंत.’ समोरून ‘हो’ आलं नाही तरी त्याच दिवशीची लेखी नोंद राहते.

चॅटच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फोनची माहिती आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासायचा तिचा डिजिटल ठसा) येते. चॅट ज्या फोनमध्ये आहे तो एक्स्चेंजमध्ये दिला की पंचाईत झालीच.

भरपाई ज्याची पावती आहे त्याची सहज मिळते: कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स, केटरर, पत्रिका, बस्ता. मनस्तापाची मागणी करता येते, पण तिथला आकडा न्यायाधीशांच्या हाती. पावती ज्याने पैसे दिले त्याच्याच नावावर घ्या. काकांच्या नावची पावती आणि वडिलांचा दावा, हा घोळ नेहमीचा आहे. आणखी एक चूक फार महागात पडते. लग्न मोडल्याचं कळूनही ‘बघू, जमेल परत’ म्हणत कार्यालय रद्द करत नाहीत. टाळता येण्यासारखं नुकसान टाळलं नाही, तर तेवढं भरपाईतून वजा होऊ शकतं. लगेच, लेखी रद्द करा. दावा लावायची मुदत वचन मोडल्यापासून 3 वर्षं.

दागिने दोन्हीकडून जातात, आणि मुलाकडचेही यात तितकेच फसतात. देताना वजनासह फोटो काढावा, सोनाराचं बिल आपल्याकडेच ठेवावं. परत घेताना दोन साक्षीदारांपुढे वजन करून पोच लिहावी.

पहिली धाव मात्र बहुतेकांची पोलीस ठाण्यात असते, आणि तिथेच महिने जातात. नुसतं लग्न मोडणं हा गुन्हा नाही, आणि आमच्या मते तो नसावाच. लग्नाआधी मन बदलायची मोकळीक हवी. त्याचं बिल दुसऱ्याच्या माथी मारायची नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ची फसवणूक ठरायला हेतू सुरुवातीपासून खोटा होता हे दाखवावं लागतं: आधीचं लग्न लपवलं, नोकरीचं पत्र बनावट निघालं, एकाच वेळी दोन ठिकाणी साखरपुडा करून दोन्हीकडून पैसे उचलले. कलम 69 लग्नाचं खोटं आमिष दाखवून ठेवलेल्या शरीरसंबंधांपुरतं आहे. खोटं वचन वेगळं आणि खरं दिलेलं पण न पाळलेलं वचन वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

बैठकीत केलेली यादी हा उत्तम पुरावा. पण त्यात ‘वरदक्षिणा 3 लाख’ असेल तर तीच यादी तुमच्याही गळ्यात येते, कारण 1961 च्या कायद्याने हुंडा देणंही गुन्हाच आहे. पीडिताच्या स्वतःच्या जबाबावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही, एवढं संरक्षण कलम 7 मध्ये आहे. पैसे द्यायच्या आधीच्या नुसत्या मागणीलाही कलम 4 खाली 6 महिने ते 2 वर्षं शिक्षा आहे, आणि लग्नापूर्वीची मागणीही त्यात येते. मागणीचा मेसेज जपून ठेवा, रक्कम देऊ नका.

मग पंच बसतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आपसांत समजुतीने सोयरीक मोडली, कोणाचे कोणाकडे येणे नाही’ असं लिहून हातात 50,000 ठेवले जातात, बाकीचे ‘दिवाळीनंतर’. सही झाली की दिवाळीनंतरच्या पैशांवर पाणी सोडल्यासारखंच. कागदावर पूर्ण रक्कम, हप्ते आणि चेक नंबर लिहून घ्या, आणि ‘येणे नाही’ हे शेवटचा चेक वटल्यावरच. चेक परत आला तर बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस असतात, आणि तरी पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार.

हे सगळं फक्त साखरपुड्यापुरतं. ‘व्हिसासाठी आधी रजिस्टर करून ठेवू, विधी नंतर’ म्हणत विशेष विवाह कायद्याखाली सही केली, किंवा गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दुसरी सही झाली (पहिली नुसता लग्नाचा इरादा नोंदवायची असते), की ते लग्नच झालं, अक्षता पडोत न पडोत. मग मोडायला कोर्टातच जावं लागतं, आणि विशेष विवाह कायद्यात तर पहिल्या वर्षात कोर्टाच्या खास परवानगीशिवाय घटस्फोटाचा अर्जही करता येत नाही.